शेलमधलं तेल : थर, भेगा आणि ‘आहे’ या शब्दाचा अर्थ

फलकावरचा विषय वाचून काहीजणांना वाटलं असेल, की आयोजकांची गल्लत झाली. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस आणि बोलणार खनिज तेलावर. गल्लत नाही. मी भूशास्त्रज्ञ नाही, पण एखादी गोष्ट ‘आहे’ असं आपण म्हणतो तेव्हा नेमकं काय म्हणतो, हा माझा धंद्याचा प्रश्न. आणि शेलमधल्या तेलाच्या बाबतीत हा शब्द जितका ढिसाळपणे वापरला जातो तितका क्वचितच कुठे वापरला जात असेल.

दोन गोष्टी सांगतो. पहिली अमेरिकेच्या उत्तर डाकोटा आणि माँटाना भागातली. तिथे जमिनीखाली सुमारे तीन किलोमीटरवर बाकेन नावाचा खडकांचा गट आहे. १९९५ मध्ये अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेनं, म्हणजे यूएसजीएसनं, अंदाज दिला की तिथून सुमारे १५ कोटी पिंपं तेल काढता येईल. पिंप म्हणजे बॅरल, १५९ लिटर. २००८ मध्ये त्याच संस्थेनं त्याच खडकासाठी अंदाज दिला ३६५ कोटी पिंपं. जवळजवळ २५ पट. या तेरा वर्षांत जमिनीखाली एक थेंबही वाढलेला नाही. ते तेल व्हायला कोट्यवधी वर्षं लागली होती.

दुसरी गोष्ट कॅलिफोर्नियाची, आणि उलट दिशेची. तिथे माँटेरे नावाचा शेलचा गट आहे. २०११ मध्ये अमेरिकी सरकारच्या ऊर्जा माहिती विभागानं, म्हणजे ईआयएनं, प्रसिद्ध केलेल्या अहवालात तिथलं काढता येण्याजोगं तेल १,५४० कोटी पिंपं धरलं होतं. देशातल्या शेल-तेलाच्या एकूण अंदाजाचा तो जवळजवळ दोन-तृतीयांश भाग. मग २०१३ मध्ये एका विद्यापीठाचा अभ्यास आला, की यातून २०२० पर्यंत २८ लाखांपर्यंत रोजगार उभे राहू शकतील. राज्याच्या राजकारणात हा आकडा फिरू लागला. आणि २०१४ मध्ये त्याच सरकारी विभागानं आपला अंदाज आणला ६० कोटींवर. ९६ टक्के कपात! तेल चोरीला गेलं नव्हतं. अठ्ठावीस लाख माणसांच्या पोटापाण्याची गोष्ट मात्र त्या आकड्यावर बांधून झाली होती.

एका जागी आकडा फुगला, दुसऱ्या जागी फुटला, आणि दोन्हीकडे तेल जिथल्या तिथे. मग बदललं काय? बदललं ते दोन गोष्टींविषयीचं आपलं ज्ञान : त्या खडकात थर कसे रचले आहेत, आणि त्यात भेगा कशा आहेत किंवा कशा पाडता येतात. आजचं व्याख्यान एवढ्यापुरतंच आहे.

आता मूळापासून. शेल म्हणजे काय? चिखल. शांत पाण्याच्या तळाशी अगदी बारीक गाळ बसत गेला, त्यावर आणखी गाळ, वरच्या वजनानं दबून त्याचा दगड झाला. तो पापुद्र्यापापुद्र्यांचा असतो. चिरोटा डोळ्यांसमोर आणा. त्या गाळात शेवाळं आणि सूक्ष्म जीवांचे अवशेष अडकले आणि तळाला प्राणवायू नसेल तर ते कुजून संपत नाहीत. त्यांचा केरोजेन नावाचा मेणासारखा पदार्थ होतो. हा थर खोल गाडला गेला, तापला, की केरोजेनचं तेल होतं. आणखी तापला तर वायू.

म्हणजे शेल ही तेलाची जन्मभूमी. पण आपण शंभर-दीडशे वर्षं जे तेल काढत होतो ते इथून निघून गेलेलं तेल. ते हळूहळू वर सरकलं, वाळूच्या दगडात किंवा चुनखडीत साठलं, वर एखाद्या घट्ट थराचं झाकण मिळालं म्हणून थांबलं. त्या दगडांची छिद्रं एकमेकांना जोडलेली असतात, विहीर घातली की तेल वाहत येतं. दगडाच्या या गुणाला, द्रव वाहू देण्याच्या क्षमतेला, शास्त्रीय मराठीत पार्यता म्हणतात. शेलची पार्यता चांगल्या वाळूच्या दगडापेक्षा दहा लाख पटींनी किंवा त्याहूनही कमी असू शकते. आपल्या केसाची जाडी सत्तर-ऐंशी हजार नॅनोमीटर धरली, तर शेलमधली छिद्रं काही नॅनोमीटरपासून काहीशे नॅनोमीटरपर्यंतची. छिद्रं आहेत, तेल आहे, रस्ते नाहीत.

इथे मला सांख्यांची आठवण होणं स्वाभाविक आहे. सांख्यांचा सत्कार्यवाद म्हणतो, कार्य हे कारणात आधीपासूनच असतं. सांख्यकारिकेवरच्या टीकांमध्ये दाखला तेलाचाच येतो : तेल हवं असलेला माणूस तीळ घेतो, वाळू घेत नाही, कारण तेल तिळात आधीच आहे, वाळूत नाही. वर्गात हा दाखला देताना मी नेहमी विचारत असे, की मग घाण्याचं काय? तीळ पोतंभर घरात आहे, घाणा नाही, तर ‘घरात तेल आहे’ असं म्हणायचं का? आमटीला फोडणी द्यायची असलेली बाई ‘नाही’ म्हणेल. सांख्य ‘आहे’ म्हणतील. शेलच्या आकड्यांवरची निम्मी भांडणं याच दोन उत्तरांची आहेत, फक्त भांडणाऱ्यांना ते माहीत नसतं. आणि गंमत पुढे आहे. सांख्य म्हणाले वाळूतून तेल येत नाही. इथे दगडात वाळू घातल्याशिवाय तेल येत नाही! त्या वाळूकडे येतोच.

महाराष्ट्रातल्या माणसाला हे समजायला खरं तर सोपं आहे, कारण आपण काळ्या दगडावर राहतो. बसाल्ट. घट्ट बसाल्टात पाणी मुरत नाही. पाणी असतं ते भेगांत, झिजलेल्या मुरमात आणि लाव्हाच्या दोन थरांच्या सांध्यात. म्हणून तुमच्या बोअरला तीनशे फुटांवर धूळ उडते आणि बांधापलीकडच्याला दीडशेवर पाणी लागतं. त्याचं नशीब म्हणजे त्याला लागलेली भेग. आपले शेतकरी विहिरीच्या तळाशी भिंतीत आडवे बोअर मारतात, ते कशासाठी? भेगा बऱ्याचदा उभ्या असतात, उभं भोक त्यांना चुकवून जातं. आडवं मारलं की एकाऐवजी पाच भेगा छेदल्या जातात. आणि शासनाची भूजल यंत्रणा कोरड्या पडत चाललेल्या विंधन विहिरींत दाबानं पाणी सोडून भेगा मोकळ्या करते, त्याला ‘जलभंजन’ असा छान शब्द आहे. आडवं बोअर आणि जलभंजन, दोन्ही एकत्र करा, तीन किलोमीटर खाली न्या, आकार शेकडो पटींनी वाढवा. अमेरिकेत ज्याला फ्रॅकिंग म्हणतात ते हेच. फरक एक, आणि मोठा : आपल्या विहिरीला पावसाळा भरतो, शेलला भरणारं कुणी नाही.

आता भेगा जवळजवळ का हव्यात ते बघा. दगडातून तेल भेगेपर्यंत यायचं म्हणजे दाबाचा फरक त्या दगडातून पसरत जायला हवा, आणि हे पसरणं अंतराच्या वर्गाच्या हिशेबानं चालतं. अंतर दुप्पट, तर वेळ चौपट. अंतर दसपट, तर वेळ शंभरपट. भेगेपासून हातभर अंतरावरचं तेल लवकर येतं; शंभर हातांवरचं तुमच्या-माझ्या हयातीत येत नाही. म्हणून शेलच्या विहिरीचा पहिला महिना झोकात असतो आणि वर्षभरात उत्पादन साठ-सत्तर टक्क्यांनी उतरलेलं असतं. भेगेलगतचं संपलं, लांबचं वाटेवर आहे. पहिल्या महिन्याचा आकडा दाखवून भांडवल गोळा करणाऱ्यांना हे ठाऊक असतं. देणाऱ्यांना नेहमी असतंच असं नाही.

तडा पाडायचा तर तो कुठल्या दिशेला जाईल? हा प्रश्न १९५० च्या दशकात बऱ्याच वादाचा होता. अनेकांना वाटायचं की दाबानं पाणी सोडलं की दगड थरांच्या सांध्यावर उकलेल, म्हणजे तडा आडवा जाईल, पुस्तकाची पानं उघडावीत तसा. १९५७ मध्ये हबर्ट आणि विलिस या दोघांनी मांडलं, की तडा थरांकडे बघून दिशा ठरवत नाही, दाबाकडे बघून ठरवतो. दगड सगळीकडून दाबलेला असतो, पण सारखा नाही. जिथे दाब सर्वांत कमी, त्या दिशेला तडा उघडतो, कारण तिथे कमी कष्ट पडतात. खोलवर वरच्या खडकांचं ओझं प्रचंड असतं, म्हणून तडा वरचं ओझं उचलत बसत नाही, बाजूला उघडतो. म्हणजेच तो उभा जातो. हे दाखवायला त्यांनी जिलेटिनमध्ये प्लॅस्टर ऑफ पॅरिस टोचलं, बाहेरून वेगवेगळ्या बाजूंनी दाबलं आणि थिजलेला तडा कापून बघितला. स्वयंपाकघरात करता येईल असा प्रयोग. असे प्रयोग मला फार आवडतात. त्यात लपवायला जागा नसते. तर तडे उभे, म्हणून विहीर आडवी, आणि ती अशा दिशेनं, की तडे तिला काटकोनात फुटतील. तीन-तीन किलोमीटर आडवी विहीर, तिच्यात टप्प्याटप्प्यानं पाणी आणि वाळू. दाब काढला की तडा मिटतो, म्हणून वाळू. वाळूचे कण त्याला उघडा ठेवतात, दार मिटू नये म्हणून खाली घडी केलेला कागद सारतो ना, तसे. एका विहिरीत काही हजार टन वाळू जाते.

इथवर ऐकून वाटेल, की थरांचा मग संबंध काय? संबंध इथूनच सुरू होतो. उभा तडा वर-खाली वाढताना एकामागून एक थरांना भेटतो, आणि प्रत्येक थर त्याला वेगळी वागणूक देतो. शिळी भाकरी वाकवली की कडकन तुटते, पुरणपोळी मुडपते. सिलिका आणि कार्बोनेट जास्त असलेला थर भाकरीसारखा. चिकणमातीची खनिजं जास्त असलेला पुरणपोळीसारखा. मऊ थरात तडा जायला कुरकुरतो, आणि गेलाच तर वाळूचे कण त्या मऊ भिंतींत रुततात आणि वाट बंद होते. काही थरांत आडवा दाबच जास्त असतो, तडा तिथे अडतो. दोन थरांचा सांधा कच्चा असेल, तर तडा सांध्यावर येऊन आडवा वळतो, जरा पुढे जाऊन पुन्हा वर निघतो. अशा पायरीवर उघडीप अरुंद असते, पाणी पुढे जातं आणि वाळू मागे अडकते. टेक्ससमधल्या ईगल फोर्ड शेलमध्ये ज्वालामुखीच्या राखेचे पातळ थर आहेत. बोटभर जाडीची, चिकणमाती झालेली राख. नकाशावर ती दिसतही नाही. पण तिच्या वरचं तेल विहिरीला मिळणार की नाही हे ती ठरवू शकते.

दुसरीकडे, अडवणारा थर नसेल तर तेही वाईट. तडा भलत्याच उंच जातो, ज्या दगडात तेल नाही तिथे पाणी आणि पैसा जिरतो, नाहीतर खाऱ्या पाण्याचा थर उघडतो. म्हणजे थर हवेतही आणि नकोतही. कुठे हवेत, कुठे नकोत, यातच सगळा मामला आहे.

हे सगळं बाकेनमध्ये फार स्वच्छ दिसतं. हेन्री बाकेन नावाच्या शेतकऱ्याच्या जमिनीवरच्या विहिरीवरून या गटाला नाव पडलं, १९५३ साली. गटाची जाडी सगळी मिळून जास्तीत जास्त पन्नास मीटरच्या आतबाहेर. रचना सँडविचची : वर काळा शेल, खाली काळा शेल, मध्ये डोलोमाइट मिसळलेला, बारीक वाळू-गाळाचा करडा थर. सेंद्रिय पदार्थ काळ्या थरांत ठासून भरलेले. मधला त्या मानानं कोरडा. १९५३ मध्येच अँटेलोप नावाच्या ठिकाणी तेल लागलं. तिथे थरांना वळी पडली होती, वाकताना दगड फुटला होता आणि नैसर्गिक भेगांतून तेल येत होतं. यातून सगळ्यांनी धडा घेतला : तेल काळ्या शेलमध्ये, मिळतं भेगांत, तेव्हा भेगा असलेला काळा शेल शोधा. १९८७ पासून तर वरच्या काळ्या शेलमध्ये आडव्या विहिरी मारल्या गेल्या. भेग लागली तर चांगलं, नाही लागली तर शेजारी दीडशे फुटांवर आणि आपल्याकडे धूळ, आपल्या बोअरसारखंच. १९९५ चा १५ कोटींचा आकडा या समजुतीच्या काळातला आहे.

मग रिचर्ड फिंडली नावाच्या भूशास्त्रज्ञानं माँटानातल्या जुन्या विहिरींच्या नोंदी चाळताना मधल्या करड्या थराकडे लक्ष दिलं. ज्याच्याकडे लोक सारण नसलेली पोळी म्हणून बघत होते, त्या थरात तेलाच्या खुणा होत्या. काळ्या थरांत केरोजेनचं तेल होताना आकारमान वाढतं, दाब चढतो, शेल आतून बारीक बारीक उकलतो आणि तेल ढकललं जातं ते शेजारच्या थरात. मधला थर फार पार्य नाही, पण शेलपेक्षा बरा. आणि मुख्य म्हणजे ठिसूळ आहे. २००० साली तिथे, एल्म कुली या क्षेत्रात, मधल्या थरात आडवी विहीर घालून तडे पाडले गेले आणि तेल आलं. एका विहिरीचं नव्हे, एकामागून एक विहिरींचं. पुढे उत्तर डाकोटात तेच झालं आणि २०१४ मध्ये त्या राज्याचं उत्पादन दिवसाला दहा लाख पिंपांच्या वर गेलं. २०१३ मध्ये यूएसजीएसनं खालच्या थ्री फॉर्क्स थराचाही हिशेब धरून अंदाज ७४० कोटींवर नेला. तोही थर बाकेनच्या खालच्या शेलनंच भरलेला आहे.

म्हणजे गंमत बघा. सगळं जग ज्याला शेल-तेलाची क्रांती म्हणतं, तिचा हा सर्वांत गाजलेला अध्याय शेलमध्ये विहीर घालून घडलेलाच नाही. शेलच्या शेजारच्या दगडात घडला. आपण थराचं नाव धरून बसलो होतो, तेल थरांमधल्या नात्यात होतं.

खाली तडे प्रत्यक्षात कसे दिसतात? पाठ्यपुस्तकात विहिरीच्या दोन्ही बाजूंना पंख पसरल्यासारखा एकेक गुळगुळीत तडा काढतात. टेक्ससमध्ये, पर्मियन खोऱ्यात, एका संशोधन प्रकल्पात फ्रॅकिंग झालेल्या दगडातूनच तिरकी विहीर घालून सुमारे सहाशे फूट लांबीचा दगडाचा दंडगोल, म्हणजे कोअर, बाहेर काढला गेला. त्यात पाण्याच्या दाबानं पडलेले सातशेच्या आसपास तडे मोजले गेले. माझा एक जुना विद्यार्थी ह्यूस्टनला या क्षेत्रात आहे; तो म्हणाला, ‘सर, आम्ही रस्ता काढला होता, निघाली गल्ल्यांची वस्ती.’ ईगल फोर्डमध्येही असाच कोअर काढला होता. तिथेही तडे अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त, झुपक्यांनी, आणि वाळू मात्र त्यांतल्या थोड्यांतच. तडा जाणं वेगळं आणि तो उघडा राहणं वेगळं.

आता माँटेरेकडे. तिथे भेगांची वाण नाही, उलट रेलचेल आहे. हा गट तरुण, डायटम या सूक्ष्म शेवाळांच्या सिलिकेपासून झालेला. चर्ट, डोलोमाइट आणि चिखलाचा दगड यांचे पातळ पातळ थर एकाआड एक. कठीण थर जितका पातळ, तितक्या त्यातल्या भेगा जवळजवळ, हा नियमच आहे. शिवाय कॅलिफोर्नियाची जमीन अजून हलते आहे. थर वाकले आहेत, तुटले आहेत, सरकले आहेत. मग तेल भरपूर यायला हवं! आलंच की. शंभराहून अधिक वर्षं कॅलिफोर्नियात माँटेरेमधून आणि माँटेरेनं भरलेल्या वरच्या साठ्यांमधून तेल काढलं जातंय. भेगांनी ते आधीच बाहेर पोचवलं होतं. आज आपण भेगा पाडून जे करू पाहतो ते निसर्गानं तिथे आपल्या आधीच उरकलं. २०११ च्या अंदाजात मोठ्या क्षेत्रफळाला दर विहिरीच्या अपेक्षित उत्पादनानं गुणलं होतं, जणू बाकेनसारखे सपाट, अखंड थर मैलोन्‌मैल पसरले आहेत. डेव्हिड ह्यूज या कॅनडातल्या भूशास्त्रज्ञानं २०१३ अखेरीस प्रत्यक्ष विहिरींची आकडेवारी तपासून हे दाखवलं. काही महिन्यांत सरकारी आकडा कोसळला. २०१५ मध्ये यूएसजीएसनं सान वाकीन खोऱ्यातल्या खोल माँटेरेसाठी अंदाज दिला : सुमारे २ कोटी १० लाख पिंपं. क्षेत्र वेगळं आहे, थेट तुलना करू नये. पण वारा कुठल्या दिशेचा ते कळतं.

तेव्हा ‘भेगा असल्या की तेल मिळतं’ हे विधान अर्धंच. भेगा कधी पडल्या? तेल तयार होण्याआधी, होताना की नंतर? त्या झाकणाच्या थरातूनही गेल्या का? टेक्ससच्याच बार्नेट शेलमध्ये जुन्या भेगा बहुतेक कॅल्साइटनं बुजलेल्या आहेत. तेल-वायू त्यांतून गळून गेला नाही, पण त्या जागा कच्च्या राहिल्या, आणि नवा तडा तिथे आला की त्या उकलतात. बुजलेली भेग ही पुष्कळदा उघड्या भेगेपेक्षा जास्त उपयोगाची.

शेवटी एक आकडा सांगायचा राहिला. यूएसजीएसमधले ली प्राइस यांनी बाकेनच्या शेलनं एकूण किती तेल निर्माण केलं याचा हिशेब केला होता. त्यांचं हस्तलिखित संस्थेनं प्रसिद्ध केलं नाही, २००० साली ते वारले, पण कागद फिरत राहिला. त्यातला सरासरी आकडा होता ४१,३०० कोटी पिंपं. सांख्यांच्या अर्थानं तो ‘आहे’. २००८ चा ३६५ कोटी हा घाणा धरून सांगितलेला आकडा. पहिला दुसऱ्याच्या शंभर पटींहून मोठा. वर्तमानपत्रात दोन्ही ‘तेलाचा साठा’ म्हणूनच छापले जातात.

(प्रश्नोत्तरांमधून) आपल्या देशात काय, असं समोरून विचारलं गेलं. आपल्याबद्दलचेही दोन आकडे आहेत. यूएसजीएसनं २०१२ च्या सुरुवातीला मुंबई, कावेरी आणि कृष्णा-गोदावरी या तीन खोऱ्यांत मिळून काढता येण्याजोगा शेल-वायू सुमारे ६.१ लाख कोटी घनफूट सांगितला. ईआयएच्या २०१३ च्या अहवालात भारतासाठी आकडा होता ९६ लाख कोटी घनफूट, आणि वर ३८० कोटी पिंपं तेल. खोरी वेगळी, पद्धती वेगळ्या, आणि फरक पंधरा पटींचा. त्याच वर्षी सरकारनं ओएनजीसी आणि ऑइल इंडियाला शेलचा शोध घ्यायला परवानगी दिली, गुजरातेत खंबायतच्या खोऱ्यातही विहिरी झाल्या. व्यापारी उत्पादन मात्र उभं राहिलेलं नाही. खंबायतचा शेल हाच गुजरातमधल्या आपल्या जुन्या तेलक्षेत्रांचा मुख्य जन्मदाता मानला जातो. अंकलेश्वरला १९६० मध्ये तेल लागलं तेव्हापासून आपण त्यानं सोडलेलं तेल काढतो आहोत. तेव्हा तिथे पहिला प्रश्न माँटेरेचा विचारावा लागेल : किती निघून गेलं? आणि दुसरा बाकेनचा : त्याच्या शेजारी, वर-खाली, ठिसूळ थर कुठला आहे?